फ्रिटिलरीचा ट्रे फेकू नकोस, बाहेर ठेव

पत्र:
"मावशी, आम्ही लीड्सला राहतो, गेल्या वर्षी मागे छोटं गार्डन असलेलं घर घेतलं. एकदा एप्रिलमध्ये ऑक्सफर्डला मॉडलिन कॉलेजच्या कुरणात ती चौकड्यांची जांभळी फ्रिटिलरी बघितली आणि डोक्यातच बसली. मार्चमध्ये तिच्या बियांचं पाकीट आणलं, किचनच्या खिडकीत रेडिएटरच्या वर ट्रेमध्ये पेरलं, पाण्याचा स्प्रे मारत राहिले. आता सप्टेंबर आला तरी एक कोंब नाही. नवरा म्हणतो फेक ते आणि सरळ कंद आण. आधीच्या मालकांच्या डॅफोडिल्सना बोंडं धरली होती, त्यातल्या काळ्या बिया जूनमध्ये काढून कागदाच्या पाकिटात फ्रिजमध्ये ठेवल्यात, थंडी लागते असं वाचलं म्हणून. शेजारचे आजोबा म्हणतात त्यातून तशीच फुलं येणार नाहीत. रीगल लिलीलाही हिरवी बोंडं आहेत, ती पेरू का? आई सांगलीला असते, तिलाही थोड्या बिया पाठवायच्यात. आणि हो, ट्रेवर आमचं नवीन मांजर झोपतं, त्याला कसं हटवू?
— मातीत हात घातलेली, लीड्स"

अगं, सगळ्यात आधी नवऱ्याच्या हातातून तो ट्रे काढून घे. बी मेलेलं नाहीये बहुतेक, ते हिवाळ्याची वाट बघतंय आणि तू त्याला सहा महिने उन्हाळ्यात ठेवलंयस. मांजराला ती जागा एवढी आवडते यातच तुझं उत्तर आलं खरं तर.

फ्रिटिलरीचं बी जुलैच्या सुमाराला बोंडातून खाली पडतं, मग शरद, मग सगळा ओला गारठा, आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंब. हा क्रम त्या बीमध्येच बसलेला आहे. पिकून पडतं तेव्हा आतला अंकुर पुरता वाढलेलाच नसतो आणि साधारण दोन-तीन महिने ५ डिग्रीच्या खाली-वर ओलसर थंडी मिळाल्याशिवाय ते उगवायचं नाव घेत नाही. नाहीतर ऑक्टोबरच्या चार उबदार दिवसांना फसून उगवलं असतं आणि डिसेंबरच्या बर्फात मेलं असतं. तुझ्या किचनमध्ये २० डिग्री, तिथे ते बिचारं कशाला उठेल.

आता बघ, ट्रेमधली वरची माती हळूच बाजूला करून दोन-चार बिया काढ. चपट्या, फिक्कट तपकिरी, कागदासारख्या पातळ असतील. नखाने दाबून बघ, घट्ट लागल्या तर जिवंत धर, पिचकन चिखल झाला तर गेल्या. एखादी उजेडासमोर धरलीस तर चांगल्या बीमध्ये मधोमध एक बारीक गडद रेघ दिसते, तो अंकुर. रेघच नसेल तर ते बी पोचट आहे, ते कुठल्याही थंडीत उगवणार नाही. मध्येच ट्रे कधी कोरडा पडला असेल तर घाबरू नकोस, त्याने एवढं बिघडत नाही, सतत गरम आणि चिपचिपीत ओलं ठेवण्याने जास्त बिघडतं.

ट्रे उथळ असणार, म्हणून तो तसाच बाहेर नको ठेवूस. एक १२-१५ सेंटीमीटर खोल कुंडी घे, खाली भोक आहे ना बघ, दोन भाग सीड कंपोस्ट आणि एक भाग बारीक खडी असं मिसळून कुंडी जवळजवळ भर, आणि ट्रेमधला कंपोस्टचा थर वड्या पाडल्यासारखा अख्खा उचलून त्यावर ठेव. बिया वेचत बसू नकोस. वरून सेंटीमीटरभर खडीचा थर दे, इथे गार्डन सेंटरमध्ये हॉर्टिकल्चरल ग्रिट म्हणून मिळते तीच. या खडीचं काम लोकांना शोभेचं वाटतं पण ती नसली तर वर्षभरात वर शेवाळाची अशी कातडी धरते की कोंब खालीच गुदमरतो, आणि इथल्या धो-धो पावसात बियाही उडून जातात. मग ती कुंडी उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत, बाहेर. पाऊस पडू दे, बर्फ पडू दे, काही झाकायचं नाही. वर फक्त तारेची जाळी बांध, कारण खारी आणि उंदीर उकरतात, आणि मऊ माती दिसली की मांजर काय करतं ते तुला सांगायला नको.

डॅफोडिलच्या बियांचं मात्र घाईचं आहे. फ्रिजमधल्या कोरड्या पाकिटात थंडी मिळते असं वाटतं, पण कोरड्या बीला थंडी कळतच नाही, ते फक्त झोपून राहतं. थंडी आणि ओल एकत्र लागते. तेव्हा हे वाचून झालं की फ्रिज उघड आणि आजच्या आज वरच्यासारख्याच दुसऱ्या कुंडीत दीड-दोन सेंटीमीटर अंतराने, सेंटीमीटरभर खोल टाकून दे. खरं तर बोंड तडकलं त्याच आठवड्यात पेरली असतीस तर उत्तम, तरी सप्टेंबर चालतो. मुळं आधी आतल्या आत फुटतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पातं वर येतं.

आणि शेजारचे आजोबा बरोबर बोलतायत. गार्डनमधली बहुतेक डॅफोडिल्स संकरित असतात, त्यांच्या बीतून आईसारखं फूल येईल याची काही गॅरंटी नाही, बाप कोण ते मधमाशीला माहीत. फुलाच्या मधला कप लहान येईल, रंग फिका येईल, किंवा एखादं असं येईल की तूच बघत राहशील. डॅफोडिलची आजवर नोंदवलेली नावं ३०,०००च्या वर आहेत आणि त्यातली बहुतेक अशीच कुणीतरी बी पेरून, वर्षानुवर्षं वाट बघून, नव्वद टक्के उपटून टाकून निवडलेली आहेत. म्हणजे आजोबांना सांग, हो, तशी नाही येणार, म्हणूनच पेरतेय. पण तुला अगदी तेच फूल हवं असेल तर त्याच गड्ड्यातले कंद वेगळे करून लाव, बीच्या वाटेला जाऊ नकोस. इंग्लंडचं मूळचं रानटी डॅफोडिल, ते फिक्कट पाकळ्यांचं बुटकं, ते मात्र आसपास दुसरी जात नसेल तर बीतून तसंच येतं.

वेळेचं आत्ताच सांगते म्हणजे नंतर शिव्या नकोत. डॅफोडिलला बीपासून फुलापर्यंत चार ते सहा वर्षं, कधी सातही. फ्रिटिलरीला तीन ते पाच. बागेतलं ट्यूलिप पाच ते सात, आणि माझं स्पष्ट मत आहे की संकरित ट्यूलिपचं बी पेरणं हा रिकामा उद्योग आहे, एवढं करून शेवटी मळकट लाल काहीतरी येतं. ट्यूलिपच पेरायचं असेल तर ट्यूलिपा स्प्रेंगेरी शोध, तुर्कस्तानातल्या अमास्याकडचं, जंगलात आता ते सापडत नाही पण इथल्या बागांमध्ये स्वतःच बी सांडून पसरतं आणि मे संपताना, बाकी सगळी ट्यूलिप्स झोपल्यावर, लाल फुलतं. त्याचे कंद महाग असतात, बी कुणीही बागवाला मूठभर देतो.

तुला हे सगळं नवीन वाटतंय पण तू सांगलीची ना? कांदा आठव. बी टाकून रोप करायचं, त्याचा कांदा होतो, तो कांदा परत लावला की त्याला डेंगळा येतो आणि त्यातून परत बी. इथेही तोच हिशोब, फक्त कांदा एका हंगामात जे करतो ते डॅफोडिल पाच वर्षं लावून करतं, कारण त्याला वर्षातले चार-पाच महिनेच पान मिळतं आणि तेवढ्याच दिवसात कंदात साठवायचं असतं.

आणि हीच ती गोष्ट, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. पहिल्या वर्षी एकच पातं येणार, सुतळीएवढं, गवताचं वाटेल असं. लोक ते गवत म्हणून उपटतात! किंवा मे-जूनमध्ये ते पिवळं पडलं की मेलं समजून कुंडी रिकामी करतात. अगं ते मेलेलं नसतं, खाली तीन-चार मिलिमीटरचा कंद करून झोपलेलं असतं. बीपासून कंद करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो, उगवण्यात नाही. म्हणून कुंडीत लेबल खुपसायचं, वर नाव आणि पेरल्याची तारीख, आणि ते पेन्सिलने लिही, मार्करचं लिहिलेलं दोन उन्हाळ्यात उडून जातं आणि पेन्सिलचं टिकतं. नवऱ्याला पण ते लेबल दाखवून ठेव.

पान जितके दिवस हिरवं राहील तितका कंद मोठा, आणि कंद मोठा म्हणजे फूल लवकर. त्यामुळे तुझं सगळं काम फेब्रुवारी ते जून या काळातलं. पातं दिसल्यापासून ते पिवळं पडेपर्यंत माती कोरडी पडू द्यायची नाही, दर पंधरा दिवसांनी टोमॅटोचं लिक्विड खत निम्म्या ताकदीचं करून द्यायचं, त्यात पोटॅश जास्त असतं ते कंदाला हवं असतं. नायट्रोजनचं लॉनवालं खत नको, नुसतं पान माजतं. कोंब आले की कुंडी सावलीतून काढून सकाळचं ऊन मिळेल अशी ठेव. पान पिवळं पडायला लागलं की पाणी तोड, पण इथे जातीजातीत फरक आहे. ट्यूलिपला उन्हाळ्यात कोरडंठाक चालतं, उलट आवडतं. फ्रिटिलरीला बिलकुल नाही. तू ऑक्सफर्डला जे कुरण बघितलंस ते नदीकाठचं, पुराचं पाणी येणारं आहे, आणि विल्टशरमधलं क्रिकलेडचं नॉर्थ मेडो, जिथे एप्रिलमध्ये फ्रिटिलरी अक्षरशः लाखांनी असते, तेही तसंच, दोन नद्यांच्या मधलं. त्यामुळे फ्रिटिलरीची कुंडी झोपलेली असतानाही सावलीत, किंचित दमट. बाजारात तिचे कंद बऱ्याचदा सुकून सुरकुतलेले येतात आणि निम्मे उगवतच नाहीत ते याचमुळे, तिच्या कंदाला ट्यूलिपसारखं तपकिरी साल नसतं, उघडा पडला की वाळतो. म्हणूनच फ्रिटिलरीच्या बाबतीत मी नवऱ्याच्या विरुद्ध तुझ्या बाजूने आहे, बीच चांगलं.

त्या कुरणांचं अजून एक सांगते. मॉडलिनमध्ये कॉलेजची हरणं आहेत, पण फ्रिटिलरी फुलून बी पडेपर्यंत त्यांना त्या कुरणात सोडत नाहीत. क्रिकलेडलाही गवत कापतात ते बी गळून गेल्यावर, जुलैच्या आगेमागे. शतकानुशतकं असंच चाललंय म्हणून ती फुलं आहेत. म्हणजे तिथे कुणी कंद लावत बसलेलं नाही, सगळा कारभार बीवर आहे. तुझ्याकडे पुढे लॉनमध्ये लावायची असेल तर हेच, बी गळेपर्यंत, म्हणजे जुलैच्या आगेमागेपर्यंत, मशीन फिरवायचं नाही. आणि अशा ठिकाणी गेलीस तर फूल, बी, काहीही तोडून आणू नकोस, दुसऱ्याच्या जमिनीतली रानटी रोपं परवानगीशिवाय उपटणं तर इथे कायद्यानेच गुन्हा आहे.

रोपं वेगळी करायची घाई नको. आपल्याला टोमॅटो-मिरचीची सवय असते, दोन पानं आली की दुसरीकडे लावायचं. इथे पहिली दोन वर्षं कुंडीला हात लावायचा नाही. दाटी वाटली तर झोपेच्या दिवसात अख्खा गोळा तसाच मोठ्या कुंडीत सरकवायचा. या कंदांची मुळं आक्रसून कंदाला दरवर्षी थोडं खाली ओढतात, तुला वाटतं वर पेरलं होतं आणि सापडतो तळाशी, म्हणून खोल कुंडी म्हटलं. तिसऱ्या वर्षी जमिनीत.

आता लिली. रीगल लिली ही बीपासून करायला या सगळ्यांत सोपी, हे मला तुला आनंदाने सांगायचं होतं. तिला थंडी लागत नाही, मार्चमध्ये घरातल्या साध्या उबेत पेरली की महिन्याभरात कोंब, आणि दोन-तीन वर्षांत फूल. वर बीमधून सहसा विषाणूरोग येत नाहीत, कंदातून येतात, त्यामुळे बीची लिली स्वच्छ निघते. ही चीनच्या सिच्वान प्रांतातल्या मिन नदीच्या दरीतली, अर्नेस्ट विल्सन नावाच्या माणसाने बागांत आणली. १९१० साली तिचे कंद गोळा करायला गेला तेव्हा दरड कोसळून त्याचा पाय मोडला, वाट इतकी अरुंद होती की त्या वाटेने आलेली खेचरं त्याच्या अंगावरून एकेक करून पलीकडे गेली, आणि पुढे जन्मभर तो लंगडला.

पण तुझ्या घरात मांजर आहे.

पत्राच्या शेवटी गमतीत लिहिलंयस म्हणून मी हे थांबून सांगतेय. लिली मांजरासाठी जीवघेणी असते. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. अंगाला लागलेले पराग चाटले तरी पुरतं, दोन-तीन दिवसांत किडनी बंद पडते. मांजराने लिलीला तोंड लावलंय अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता सरळ व्हेटकडे न्यायचं, तास महत्त्वाचे असतात. त्यामुळे तू लिली पेरू नकोस, आणि जी आहे ती ऑक्टोबरमध्ये पानं वाळली की खोल खणून काढ आणि मांजर नसलेल्या कुणाला तरी बियांसकट देऊन टाक. तोवर उरलेली फुलं-पानं मांजराच्या वाटेत येऊ देऊ नकोस. डे लिलीलाही हेच लागू. डॅफोडिल, ट्यूलिप, फ्रिटिलरी खाल्ली तरी मांजर आजारी पडतंच, विशेषतः डॅफोडिलचा कंद, पण लिलीसारखं परागाच्या कणावर जीव जात नाही. डॅफोडिलचे कंद किचनमध्ये कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नकोस, कांदा समजून कुणी चिरले तर विषबाधा, तो वेगळाच गोंधळ.

लिली गेली म्हटल्यावर एक फायदा असा की लाल किड्याचं थोडं कमी होईल. लिली बीटल म्हणतात, चकचकीत शेंदरी, एप्रिलपासून येतो आणि तो फ्रिटिलरीही खातो. त्याच्या अळ्या स्वतःचीच घाण अंगावर थापून बसतात, बघूनच शिसारी येते. किडा हाताने धरायला गेलं की टपकन खाली उलटा पडतो, पोट काळं असतं म्हणून मातीत दिसतच नाही, त्यामुळे आधी खाली पांढरा कागद धरायचा मग पान हलवायचं. गोगलगायी रात्री. टॉर्च घेऊन जा आणि वेच, दुसरा खात्रीचा उपाय नाही.

लिलीच्या जागी पेरायला काही हवं असेल तर क्रोकस टॉमॅसिनिॲनस घे, केशराच्याच जातकुळीतला बुटका जांभळा, तीनेक वर्षांत फुलतो. त्याचं बोंड शोधायला मजा येते कारण बीजकोश जमिनीखाली असतो आणि पिकल्यावरच मातीच्या वर डोकं काढतो, लोकांना वाटतं याला बी येतच नाही. केशराच्या क्रोकसला मात्र खरंच येत नाही, ते झाड वांझ असतं, काश्मीरातल्या पाम्पोरला काय आणि कुठेही काय, कंदानेच लावतात. हे मुद्दाम सांगतेय कारण ऑनलाइन "केशराच्या बिया" विकायला असतात, निळ्या ट्यूलिपच्या असतात, तुझ्या आईच्या फोनवरही त्या जाहिराती येत असणारच. घेऊ देऊ नकोस. चांगलं बी हवं असेल तर अल्पाइन गार्डन सोसायटी किंवा स्कॉटिश रॉक गार्डन क्लब, दोघांकडे मेंबरांसाठी दरवर्षी बियांची देवाणघेवाण असते.

आईला इथून बिया पाठवू नकोस. एक तर इम्पोर्ट परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (म्हणजे बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) नसेल तर त्या भारतात कायद्याने जातच नाहीत, आणि गेल्या तरी सांगलीच्या हिवाळ्यात डॅफोडिलला काय मिळणार, दोन चांगल्या गार सकाळी? तिला म्हणावं पावसाळी लिलीचं बी धर. पहिल्या पावसानंतर फुलते ती, तिकडच्या अंगणांत असते. पिवळीला बी सगळ्यात सहज धरतं. फूल गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत तीन कप्प्यांचं बोंड तडकतं, आत काळ्या चपट्या बिया, त्या वाळवून ठेवायच्या नाहीत, लगेच कुंडीत टाकायच्या, पंधरा दिवसांत गवतासारखं उगवतं आणि वर्ष-दोन वर्षांत फूल. थंडी नको, फ्रिज नको. तू पाच वर्षं थांबशील तेवढ्यात तिची कुंडी ओसंडून जाईल, तयार राहा.

राहता राहिला नवरा. त्याचंही थोडं ऐक, कारण पुढची तीन वर्षं नुसत्या खडी घातलेल्या कुंड्या बघून घरात कुणाचंच मन रमणार नाही. या महिन्यात टेट-आ-टेट डॅफोडिलच्या कंदांची एक पिशवी आणा, ते बुटकं असतं, बी धरत नाही त्यामुळे तुझ्या प्रयोगात लुडबूड पण नाही, आणि कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल लावा. ट्यूलिप आणलेच तर नोव्हेंबरमध्ये लावायला सांग त्याला, आत्ता नाही, माती गार झाल्यावर लावलं की ट्यूलिप फायर नावाच्या बुरशीचा त्रास कमी होतो.